गरोदरपणातल्या सोनोग्राफ्या: कधी, कशासाठी, आणि आत नेमकं काय होतं?

मोगरा२१ | १८ मे, रात्री १०:५२

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं वाचनमात्र होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. अकरा आठवडे झालेत, पहिलीच वेळ आहे.

पहिली सोनोग्राफी सातव्या आठवड्यात झाली. स्क्रीन भिंतीकडे वळवलेली. डॉक्टरबाई एका हाताने प्रोब फिरवतायत, दुसऱ्या हाताने बटणं दाबतायत, टक, टक, टक. मी त्यांचा चेहरा वाचायचा प्रयत्न करत होते. पाच-सात मिनिटं एक शब्द नाही. मग "उतरा, रिपोर्ट बाहेर मिळेल". रिपोर्टवर लिहिलं होतं "सिंगल लाइव्ह इंट्रायूटेराइन जेस्टेशन". त्यातला "लाइव्ह" एवढा शब्द कळला आणि मी पार्किंगमध्ये रडले.

आता २६ तारखेला एनटी स्कॅन आहे. तो कशासाठी असतो? पाणी पिऊन जायचं की नाही? एकूण किती वेळा करावी लागते? सासूबाईंचं म्हणणं, सारखं सारखं ते मशीन पोटाला लावू नये, बाळाला त्रास होतो. त्या प्रेमानेच बोलतात, पण माझ्याकडे उत्तर नसतं.

आजीचा_बटवा | १८ मे, रात्री ११:१५

अभिनंदन गं पोरी! माझ्या वेळी, १९८६ साली, डॉक्टरीणबाई पोटावर लाकडी भोंगा टेकवायच्या आणि कान लावून ठोके ऐकायच्या. बाळ पायाळू आहे हे त्यांनी नुसतं हाताने चाचपून सांगितलं होतं, आणि तसंच निघालं. सोनोग्राफी नऊ महिन्यांत एकदाही नाही. चांगलं होतं असं म्हणत नाही हो. माझ्या थोरल्या जावेला जुळी आहेत हे कळा सुरू झाल्यावर कळलं, तेव्हा घरात झालेला गोंधळ अजून आठवतो.

अबोली_ठाणे | १९ मे, सकाळी ७:४०

व्यवहाराचं सांगते, बाकी जाणकार सांगतीलच.

ओळखपत्र न्या, त्याशिवाय आत घेत नाहीत. तुमच्या डॉक्टरांची चिठ्ठी न्या. आधीचे सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून न्या. वनपीस घालून जाऊ नका, मी गेले होते आणि कमरेपर्यंत ड्रेस वर करून चादर पकडत बसले. साडी किंवा पंजाबी ड्रेस बरा. एक जुना रुमाल ठेवा, जेल पुसायला तिथले टिश्यू पुरत नाहीत.

पाण्याचं असं आहे, की पोटावरून करणार असतील तर सुरुवातीच्या महिन्यांत लघवी साठवून ठेवायला सांगतात. खालून, म्हणजे आतून करणार असतील तर उलटं, मोकळं होऊन जायचं. फोन करून विचारा. मी लिटरभर पाणी पिऊन दीड तास बाकावर पाय आवळून बसले आणि आत गेल्यावर "अहो, तुमची आतून आहे, जाऊन या आधी".

डॉ_प्रतिध्वनी | १९ मे, दुपारी २:०५

मी रेडिओलॉजिस्ट आहे. इथे कुणाचा रिपोर्ट बघून निदान करणार नाही, पण सर्वसाधारण सांगतो.

प्रत्येक सोनोग्राफीत आम्ही एका वेगळ्या प्रश्नाचं उत्तर शोधत असतो. सहा ते नऊ आठवड्यांत प्रश्न असतो की गर्भ पिशवीतच आहे ना (नळीत नाही ना), एक की दोन, ठोके आहेत का, आणि खरं वय किती. वय मोजायला बाळाची डोक्यापासून ढुंगणापर्यंतची लांबी घेतात. रिपोर्टवर "सीआरएल" दिसतं ते हेच. पहिल्या तीन महिन्यांत सगळी बाळं जवळपास एकाच वेगाने वाढतात, म्हणून तेव्हाची तारीख सगळ्यांत पक्की. तिसाव्या आठवड्यातल्या सोनोग्राफीवर वेगळी ड्यू डेट छापून आली तरी ती धरायची नसते. दर महिन्याला फोन येतो, "डॉक्टर, तारीख दहा दिवस पुढे गेली". तारीख गेलेली नसते. त्या आठवड्यात बाळ सरासरीपेक्षा जरा लहान मोजलं गेलं, एवढाच त्याचा अर्थ.

एनटी स्कॅन ११ आठवड्यांपासून १३ आठवडे ६ दिवसांपर्यंतच होतो, सीआरएल ४५ ते ८४ मिलिमीटर असताना. बाळाच्या मानेमागे कातडीखाली पाण्याचा पातळ थर असतो, त्याची जाडी मोजतात. नाकाचं हाड बघतात. हात, पाय, डोक्याची कवटी, पोटाची भिंत ढोबळमानाने दिसते. थर जाड असला तर डाऊन सिंड्रोमसारख्या गुणसूत्रांच्या दोषांची किंवा हृदयातल्या दोषाची शक्यता वाढते. सोबत डबल मार्कर नावाची रक्ततपासणी करतात आणि वय, एनटी, रक्त हे सगळं मिळून "१:इतके" असा आकडा येतो. तो निकाल नसतो. ही चाळणी आहे. डाऊन सिंड्रोम असलेल्या शंभर बाळांपैकी साधारण ८५ ते ९० या चाळणीत सापडतात, आणि ज्यांच्या बाळांना काहीही झालेलं नाही अशा शंभर जणींमधल्या पाच जणींनाही "हाय रिस्क" असा शेरा मिळतो. मग पुढची तपासणी: आईच्या रक्तातून बाळाचा डीएनए बघणारी एनआयपीटी, किंवा पंधराव्या आठवड्यानंतर गर्भजल काढून. पक्कं उत्तर गर्भजलाच्या तपासणीतून मिळतं.

सासूबाईंना सांगा, यात एक्स-रे नसतो. आपल्याला ऐकू न येणारा आवाज आत पाठवतात आणि त्याचा प्रतिध्वनी पकडतात. इतक्या वर्षांच्या वापरात बाळाला अपाय होतो असं दिसलेलं नाही. पण त्यांच्या बोलण्यात एक गोष्ट बरोबर आहे. कारण नसताना, नुसत्या फोटोसाठी तासभर प्रोब धरून बसणं आम्हालाही मान्य नाही. पहिल्या तीन महिन्यांत ठोके मोजायला आम्ही डॉपलर (रक्तप्रवाह बघायची पद्धत) शक्यतो टाळतो, आलेखावर मोजतो.

आणि गप्प राहण्याबद्दल. तुमच्या डॉक्टरांची बाजू घेत नाही, पण आत काय चालू असतं ते सांगतो. हलणाऱ्या, वळणाऱ्या जिवाचं मिलिमीटरमध्ये माप घ्यायचं असतं. नेमका कोन मिळतो दोन सेकंद. तेव्हा बोललं की सुटतो. मात्र शेवटी दोन मिनिटं "सगळं ठीक दिसतंय" हे सांगायला काहीच हरकत नाही. ते न सांगणं ही आमच्यातल्या बऱ्याच जणांची खोड आहे.

बाहेर_बसलेला | १९ मे, रात्री ९:२०

नवऱ्यांच्या बाजूने एक तक्रार नोंदवून घ्या. तीन वेळा गेलो, तीन वेळा बाहेर बसलो. "येथे गर्भलिंग निदान केले जात नाही" हा फलक एवढ्या वेळा वाचलाय की अक्षरांची वळणं पाठ झालीत. त्याखाली कायद्याची प्रत, त्याखाली २०१९ चं कॅलेंडर. बायको बाहेर येते, "ठोके ऐकवले" म्हणते, आणि मी म्हणतो "अरे वा". मी काय ऐकलं? टोकन नंबर.

निवृत्त_वेल्डर | २० मे, सकाळी ६:१०

विषय माझा नाही, सुनेसाठी वाचत होतो. पण तुम्हाला गंमत वाटेल. आम्ही कारखान्यात बॉयलरच्या वेल्डिंगमधल्या भेगा अल्ट्रासॉनिकने शोधायचो. धातूत आवाज सोडायचा, आत भेग असली की प्रतिध्वनी लवकर परत येतो. ग्लासगोचे डॉक्टर इयन डोनाल्ड यांनी १९५५ मध्ये एका बॉयलर कारखान्यात जाऊन असल्याच यंत्रावर शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी तपासून पाहिल्या. १९५८ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा लेख आला, त्यात पोटातल्या बाळाचीही चित्रं होती.

आणि ते थंडगार जेल उगाच लावत नाहीत. प्रोब आणि कातडी यांच्यात हवा राहिली तर सगळा आवाज तिथूनच परत फिरतो. आम्ही ग्रीस लावायचो. तुमचं बरं आहे.

मोगरा२१ | २० मे, सकाळी ९:३०

@निवृत्त_वेल्डर काका, आता मला दर वेळी बॉयलर झाल्यासारखं वाटणार.

@डॉ_प्रतिध्वनी मनापासून आभार. सासूबाईंना वाचून दाखवलं. "कारण नसताना करू नये" एवढंच त्यांनी ऐकलं आणि "बघ, मी म्हणत नव्हते?" म्हणाल्या.

बाराखडी | २० मे, दुपारी १२:४५

सुरुवातीच्या सोनोग्राफीबद्दल, कुणाच्या उपयोगी पडेल म्हणून. माझी पाळी चाळीस दिवसांनी येते. पाळीच्या तारखेवरून आठवा आठवडा, सोनोग्राफीत नुसती गर्भाभोवतीची पिशवी आणि त्यात यॉक सॅकचं (बाळाला सुरुवातीला पोसणाऱ्या थैलीचं) गोल कडं. बाळ नाही, ठोके नाहीत. मी घरी येऊन पांघरूण घेऊन पडले. डॉक्टरांनी दहा दिवसांनी परत बोलावलं. तेव्हा बाळ होतं, ठोके होते, फक्त ते पाळीच्या हिशोबापेक्षा बारा दिवसांनी लहान होतं. कॅलेंडर चुकीचं होतं, बाळ नाही. आज ते पाच वर्षांचं आहे आणि फ्रिज उघडा ठेवून उभं आहे.

निवडुंग | २० मे, रात्री ११:५८

लिहू की नको असं करत दोन दिवस गेले. दहा दिवसांनी परत गेल्यावर प्रत्येकीला ठोके मिळत नाहीत. मला दोन वर्षांपूर्वी मिळाले नाहीत. नववा आठवडा होता.

मला एकच सांगायचंय. पहिल्यांदा ठोके दिसले नाहीत तेव्हा एका डॉक्टरांनी लगेच "पिशवी साफ करून घ्या" म्हटलं. दुसऱ्या डॉक्टरांनी थांबवलं. त्यांनी समजावलं की आतून केलेल्या सोनोग्राफीत बाळ ७ मिलिमीटरचं झालं आणि तरी ठोके नाहीत, किंवा गर्भाभोवतीची पिशवी २५ मिलिमीटरची आणि आत बाळच नाही, तरच खात्रीने सांगता येतं. माझं ५ मिलिमीटर होतं. मग आम्ही थांबलो. शेवट बदलला नाही. पण नंतर रात्री-अपरात्री "आपण घाई तर केली नाही ना" हा प्रश्न मला पडला नाही. त्या दहा दिवसांची किंमत मला नंतर कळली.

@मोगरा२१, तुला घाबरवायला लिहिलं नाही. तुझा तो टप्पा गेलाय.

मोगरा२१ | २१ मे, सकाळी ६:३५

@निवडुंग, वाचलं. थँक्यू लिहिलं होतं, खोडलं. पुरेसं वाटलं नाही.

लेस्टरवाली | २१ मे, दुपारी ३:३०

इकडे इंग्लंडमध्ये एनएचएसच्या (सरकारी आरोग्यसेवेच्या) नेहमीच्या सोनोग्राफ्या दोनच. एक साधारण बाराव्या आठवड्यात, एक विसाव्या. सगळं नीट असेल तर मग बाळंतपणापर्यंत सोनोग्राफी नाही. मिडवाइफ टेपने पोट मोजते आणि आलेखावर टिंब काढते. माझी आई पुण्याहून दर आठवड्याला विचारायची, "अगं, या महिन्यात नाही केली?" पहिल्यांदा मलाही वाटायचं की हे लोक दुर्लक्ष करतायत. डब्ल्यूएचओ तर २४ आठवड्यांच्या आत निदान एक तरी करा एवढंच म्हणते.

नवरा माझ्या शेजारी खुर्चीवर होता, स्क्रीन दोघांनाही दिसत होती. आणि विसाव्या आठवड्यात विचारलं तर मुलगा की मुलगी सांगतात. आम्ही विचारलं नाही.

उत्सुक_बाबा | २१ मे, संध्याकाळी ७:१२

परदेशात सांगतात मग इथेच का नाही? आम्हाला पहिली मुलगी आहे, दुसरं काहीही चालेल, फक्त उत्सुकता आहे. छोटीशी पार्टी करायची होती. सगळ्यांना एकाच मापाने का मोजायचं?

उपकेंद्र_ताई | २१ मे, रात्री ८:४०

मी सातपुड्याच्या पायथ्याशी उपकेंद्रात आरोग्यसेविका आहे, अठरा वर्षं झाली. दादा, "फक्त उत्सुकता" हा शब्द मी एवढ्यांदा ऐकला आहे. उत्सुकता पहिली मुलगी असलेल्या घरातच जास्त असते. पहिला मुलगा असला की कुणाला उत्सुकता नसते, हे तुम्हीच तपासा.

असा कायदा करणारं देशातलं पहिलं राज्य आपलंच, १९८८ साली. केंद्राचा १९९४ चा. तो १९९६ पासून लागू झाला आणि २००३ मध्ये कडक झाला. विचारणाऱ्यालाही तुरुंग आहे. ही वेळ आपण स्वतःवर आणली.

संपादक | २१ मे, रात्री ९:०५

गर्भलिंगाचा अंदाज, पोटाचा आकार, ठोक्यांचा वेग, चिनी तक्ता याबद्दलचे सात प्रतिसाद काढून टाकले आहेत. या धाग्यावर तो विषय नको.

डॉ_प्रतिध्वनी | २१ मे, रात्री १०:३०

एक गैरसमज मात्र दूर करतो. सही घेतात तो "फॉर्म एफ". त्यावर तुम्ही लिहून देता की गर्भाचं लिंग जाणून घ्यायचं नाही, आणि डॉक्टर लिहून देतात की सांगितलं नाही. त्यात आधीची मुलं किती, मुलगे किती, मुली किती हेही भरतात. त्यातली एक रकाना-चूकही डॉक्टरला महागात पडते, म्हणून रिसेप्शनवरची मुलगी तुमच्याशी खेकसून बोलते. समर्थन नाही, कारण सांगतोय.

पण आईला ठोके दाखवू नका, डोकं दाखवू नका असं कायद्यात कुठेही नाही. लिंग सांगायला बंदी आहे. स्क्रीन वळवणं हा आमच्या भीतीतून आलेला रिवाज. मी स्वतः शेवटी चेहरा, हाताची बोटं, हृदय दाखवतो. विचारा. "डॉक्टर, ठोके दाखवाल का?" एवढं विचारायला हरकत नाही.

मोगरा२१ | २६ मे, संध्याकाळी ५:५०

एनटी झाली!

बाळ पालथं होतं. डॉक्टर म्हणाले, मान मोजायला बाळ पाठीवर, अगदी बाजूने दिसेल असं हवं, हनुवटी छातीला टेकलेली नको. मला सांगितलं, खाली जा, काहीतरी गोड खा, जिने चढून या. मी कोपऱ्यावरच्या टपरीवर उभी राहून दोन पेढे आणि एक चॉकलेट खाल्लं. तीन मजले चढले. परत आत. बाळ अजून पालथं. मग डॉक्टरांनी प्रोबने पोट हलकेच हलवलं, मला कुशीवर वळायला लावलं, खोकायला लावलं. तिसऱ्या खोकल्याला ते उलटलं.

आणि मी विचारलं. "ठोके दाखवाल का?" त्यांनी स्क्रीन वळवली. करड्या धुक्यात एक पांढरट घेवड्याची बी, आणि तिच्या मधोमध काहीतरी फडफडतंय. मिनिटाला १६२. मग बीला हात फुटला आणि तो हात तोंडाकडे गेला. मला वाटलं होतं मी रडेन. मी हसायला लागले, आणि हसताना पोट हललं, आणि डॉक्टर म्हणाले "हसू नका, माप राहिलंय".

सीआरएल ५८ मिलिमीटर, एनटी १.३, नाकाचं हाड दिसलं. रक्त लगेच घेतलं.

उपकेंद्र_ताई | २७ मे, दुपारी १:१५

छान वाटलं ताई. आमच्याकडचंही सांगते, सगळ्यांनाच तीन मजले आणि पेढे नसतात.

आमच्या बायांची पहिली सोनोग्राफी पुष्कळदा चौथ्या-पाचव्या महिन्यात होते. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची मोफत तपासणी असते, मातृत्व अभियानाची, २०१६ पासून. त्या दिवशी आशाताई पहाटे पाड्यावरून दहा-बारा जणींना घेऊन निघतात. सोनोग्राफीचं मशीन आमच्या जवळच्या दवाखान्यात आहे, डॉक्टर ठरलेल्या दिवशीच येतात. दोनला आले तर चारपर्यंत चालतं. सकाळपासून भाकरी बांधून आलेल्या बाया, त्यात एखादी लघवी धरून बसलेली. सरकारी दवाखान्यात गरोदरपणातल्या तपासण्यांना पैसे नाहीत, सोनोग्राफीलाही नाहीत, येण्याजाण्याला गाडीही मोफत आहे. हे शहरातल्यांनीही घरकाम करणाऱ्या बाईला सांगा, पुष्कळींना माहीत नसतं.

गेल्या वर्षी एक पोर, एकोणीस वर्षांची, रक्त (हिमोग्लोबिन) आठच्या आसपास. सोनोग्राफीत वार (प्लासेंटा) पिशवीच्या तोंडावर निघाली. पाड्यावर बाळंत झाली असती तर गाडी पोहोचेपर्यंत काय उरलं असतं मला माहीत आहे. तिला आठव्या महिन्यातच जिल्ह्याला हलवलं. दोघं सुखरूप. म्हणून मी म्हणते, पाच करायच्या की दोन हा वाद नंतर घाला, आमच्याकडे पहिली वेळेवर होऊ द्या.

दोन_दोन_गोड | ३ जून, रात्री ११:४०

जुळी असणाऱ्यांसाठी एकच ओळ जोडते, कारण मला ती कुणी सांगितली नव्हती. दोघांची वार एक की वेगळी, हे चौदाव्या आठवड्याच्या आत लिहून घ्या. नंतर ते कळणं अवघड होतं. माझी एकच वार होती, म्हणून सोळाव्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी सोनोग्राफी. एकाला रक्त जास्त आणि दुसऱ्याला कमी जातंय का, ते बघायला.

मोगरा२१ | १७ जुलै, रात्री १२:२०

झोप येत नाहीये. आज अ‍ॅनोमली स्कॅन (बाळात काही व्यंग आहे का ते बघणारी) झाली, एकोणीस आठवडे पाच दिवस. डबल मार्करचा आकडा १:४२०० आला होता, त्यामुळे मी अगदी निवांत गेले.

पाऊण तास चालली. रिपोर्टमध्ये दोन वाक्यं आहेत. "इकोजेनिक इंट्राकार्डियाक फोकस इन लेफ्ट व्हेंट्रिकल" आणि "अँटिरियर प्लासेंटा, लोअर एज १.४ सेंमी फ्रॉम इंटर्नल ऑस". हृदयात काहीतरी आहे! स्कॅन करणाऱ्या डॉक्टर म्हणाल्या "काळजीचं नाही", पण मग लिहिलं कशाला? माझ्या डॉक्टर सोमवारपर्यंत बाहेरगावी आहेत. नवरा घोरतोय. मी गेले दोन तास फोनवर वाचतेय आणि प्रत्येक पानावर जास्त वाईट लिहिलंय.

अबोली_ठाणे | १७ जुलै, रात्री १२:३१

फोन ठेव आधी. मी जागी आहे. माझ्या मोठीच्या रिपोर्टमध्ये हेच होतं, अक्षरशः हेच. आता तिसरीत आहे, खो-खो खेळते.

डॉ_प्रतिध्वनी | १८ जुलै, सकाळी ७:०५

हृदयातला तो ठिपका म्हणजे हृदयाच्या आतल्या एका बारीक स्नायूवर दिसणारा चमकदार बिंदू. तो दोष नव्हे. हृदयाच्या कामावर त्याचा परिणाम होत नाही. पूर्वी त्याला डाऊन सिंड्रोमची किंचित खूण मानत, म्हणून लिहायची पद्धत आहे. मार्करचा आकडा चांगला, एनटी चांगली, बाकी स्कॅन नीट आणि हा एकटाच, असं असेल तर सहसा त्यासाठी काही करावं लागत नाही. मेंदूतल्या कोरॉइड प्लेक्सस सिस्टचंही तसंच, एकटी असली तर बहुधा २८ व्या आठवड्याच्या सुमारास दिसेनाशी होते. आम्ही दिसेल ते लिहितो. न लिहिलं आणि उद्या दुसऱ्याने लिहिलं तर तुम्हीच विचाराल, त्यांना दिसलं नाही का?

वार. ती पिशवीच्या तोंडापासून २ सेंटिमीटरच्या आत असली तर "लो लाइंग" म्हणतात. या आठवड्यात हे बरंच आढळतं आणि बहुतेकींच्या बाबतीत पुढे सुटतं. वार स्वतः चालत वर जात नाही. पिशवीचा खालचा भाग वाढतो, ताणला जातो, आणि तिची कड तोंडापासून लांब जाते. बत्तिसाव्या आठवड्याच्या सुमारास परत बघतात. तोवर रक्ताचा डाग जरी दिसला तरी वाट न बघता दवाखाना गाठायचा, एवढं लक्षात ठेवा. बाकी काय पाळायचं ते तुमच्या डॉक्टर सांगतील. वार पुढच्या बाजूला आहे, म्हणून लाथा उशिरा आणि दबक्या कळतील. उशीवरून मारल्यासारख्या.

ही सोनोग्राफी अठरा ते बावीस आठवड्यांत करायचं कारणही सांगतो, कारण लोक ती "नंतर बघू" करतात. हृदयाचे चार कप्पे, पाठीचा कणा, ओठ, किडन्या, नाळेतल्या तीन रक्तवाहिन्या नीट दिसण्याइतकं बाळ तेव्हा मोठं झालेलं असतं. आणि गंभीर व्यंग सापडलंच तर विचार करायला वेळ हवा. गर्भपाताच्या कायद्यातल्या २०२१ च्या बदलानंतर २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत, ठरावीक परिस्थितीत २४ पर्यंत दोघांचं, आणि बाळात मोठं व्यंग असेल तर त्यानंतरही वैद्यकीय मंडळाच्या संमतीने गर्भपात करता येतो. मंडळापुढे जाणाऱ्या जोडप्यांचे दिवस फार वाईट असतात. ते वाचवता येतील तेवढे वाचवावेत.

हेही खरं की सगळं दिसत नाही. हृदयातलं बारीक छिद्र निसटू शकतं. ऐकू येणार का, स्वमग्नता आहे का, हे सोनोग्राफी सांगू शकत नाही. "नॉर्मल स्कॅन" म्हणजे बघता येण्यासारखं जे होतं ते नीट दिसलं.

मोगरा२१ | १८ जुलै, सकाळी ८:१५

@अबोली_ठाणे, @डॉ_प्रतिध्वनी, रात्री साडेबाराला अनोळखी माणसं जागी असतात हे किती बरं आहे.

पाणी_पाणी | ९ ऑगस्ट, दुपारी ४:३०

मला चौतिसावा आठवडा, एएफआय (बाळाभोवतीच्या पाण्याचं माप) ६ आलाय. "पाणी कमी आहे" म्हणून सगळे रोज चार शहाळी पाजतायत. होतो का उपयोग?

डॉ_प्रतिध्वनी | ९ ऑगस्ट, रात्री ९:४५

एएफआय ५ ते २५ सेंटिमीटर साधारण ठीक मानतात, तुमचा कडेला आहे. भरपूर पाणी प्यायल्याने थोडा फरक पडू शकतो. शहाळ्यात वेगळी जादू नाही, आणि मधुमेह असेल तर चार शहाळी नकोतच. पाणी का कमी झालं हे महत्त्वाचं. पिशवीतून गळतंय का, वार नीट रक्त पुरवतेय का, बाळाची वाढ कशी आहे. म्हणून सोबत डॉपलर करतात, नाळेतला आणि बाळाच्या मेंदूतला रक्तप्रवाह बघायला. तुमच्या डॉक्टरांनी परत कधी बोलावलंय ते चुकवू नका. हालचाल कमी वाटली तर तारखेची वाट बघू नका.

पाणी_पाणी | १६ ऑगस्ट, सकाळी ११:००

परत केली. ९ आलं. शहाळेवाल्याने श्रेय घेतलंय.

मोगरा२१ | १० ऑक्टोबर, संध्याकाळी ६:२५

वार वर गेली! म्हणजे गेली नाही, पिशवी ताणली, मला ठाऊक आहे. ४.१ सेंटिमीटर. वजन १.८ किलो दाखवतंय, डोकं खाली. हृदयातल्या ठिपक्याबद्दल यावेळी एक अक्षर नाही. मी विचारलं तर डॉक्टर म्हणाल्या "कसला ठिपका?"

नाळेचा एक वेढा गळ्याभोवती आहे म्हणे. सासूबाई तेव्हापासून देवापुढून हलल्या नाहीत. मला डॉक्टरांनी सांगितलं की हे पुष्कळ बाळांच्या बाबतीत असतं, बाळ गळ्याने श्वास घेत नाही, आणि नुसत्या वेढ्यासाठी सिझर करत नाहीत. सासूबाईंना सांगून पाहिलं. दिवाळीची साफसफाई त्यांनी एकटीने उरकली, मला झाडू उचलू दिला नाही, त्यामुळे मी फार वाद घातला नाही.

मोगरा२१ | २ डिसेंबर, पहाटे ४:१०

२८ नोव्हेंबरला बाळ झालं. नॉर्मल. वेढा होता, डॉक्टरांनी बोटाने सोडवला, तेवढंच. चार दिवस आधीच्या सोनोग्राफीत वजन ३.३ किलो होतं, काट्यावर २.९५ भरलं. @डॉ_प्रतिध्वनी, कुठे गेलं साडेतीनशे ग्रॅम?

नवऱ्याला यावेळी आत घेतलं होतं. @बाहेर_बसलेला, तुमची आठवण काढली.

डॉ_प्रतिध्वनी | २ डिसेंबर, सकाळी ८:२०

अभिनंदन! आम्ही बाळ तराजूत घालत नाही. डोकं, पोट आणि मांडीचं हाड मोजून सूत्रात टाकतो. दहा-पंधरा टक्के इकडेतिकडे व्हायचंच. तुमचे साडेतीनशे ग्रॅम सूत्रात अडकलेत.

निवडुंग | २ डिसेंबर, रात्री ११:३०

मोगरा, फार फार आनंद झाला.

मला सातवा आठवडा लागलाय. उद्या पहिली सोनोग्राफी. कुणालाच सांगितलं नाहीये, इथेच लिहितेय.

मोगरा२१ | ३ डिसेंबर, पहाटे ३:०५

दूध पाजायला उठलेय, तुझं आत्ता वाचलं. किती वाजता आहे?

निवडुंग | ३ डिसेंबर, पहाटे ३:०७

अकराला.